सेटांटा चषक
सेटांटा चषक : आयर्लंड प्रजासत्ताक व उत्तर आयर्लंड ह्या दोन शेजारी देशांतील फुटबॉल क्लबांची वार्षिक स्पर्धा. २००५ ते २०१४ ह्या काळात ती एकूण नऊ वेळा झाली. सेटांटा स्पोर्ट्स ह्या प्रायोजक दूरचित्रवाणी वाहिनीवरून तिला हे नाव पडले. सेटांटा हे आयरिश पुराणकथांतील कू खुलिन ह्या वीराचे बालपणीचे नाव होय. आयर्लंडच्या फाळणीबरोबर त्या बेटावरील फुटबॉलचीही फाळणी झाली होती. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या प्रमुख क्लबांना दरवर्षी एकमेकांच्या मैदानांवर आणणे, हे ह्या स्पर्धेचे खरे महत्त्व होते.

पार्श्वभूमी : आयरिश फुटबॉल संघटना १८८० मध्ये बेलफास्ट येथे स्थापन झाली व प्रारंभी सबंध बेटावरील फुटबॉलचे नियंत्रण तिच्याकडे होते. कारभारात बेलफास्टला झुकते माप मिळते, अशी डब्लिनच्या क्लबांची तक्रार असे. १९२१ मध्ये आयरिश चषकाच्या उपांत्य फेरीतील ग्लेनाव्हन व शेलबर्न यांचा बेलफास्ट येथील सामना बरोबरीत सुटला. फेरसामना वास्तविक डब्लिनला व्हावा, अशी शेलबर्नची अपेक्षा होती. परंतु तोही बेलफास्टलाच खेळण्याचा आदेश निघाला. शेलबर्नने त्यास नकार दिला आणि त्याच वर्षी डब्लिन येथे स्वतंत्र संघटना स्थापन झाली. देशाची राजकीय फाळणीही त्याच सुमारास झाली. उत्तरेकडील सहा परगण्यांचा उत्तर आयर्लंड हा प्रदेश ब्रिटनच्या राज्यात राहिला व उर्वरित आयर्लंड यथावकाश प्रजासत्ताक बनले. रग्बी व क्रिकेट ह्या खेळांत आजही सबंध बेटाचा एकच संघ असतो. फुटबॉलमध्ये मात्र दोन संघटना, दोन राष्ट्रीय संघ व दोन स्वतंत्र लीग स्पर्धा अशी व्यवस्था कायम झाली.

उभय बाजूंच्या क्लबांना एकत्र आणण्याचे प्रयत्न अधूनमधून होत राहिले. १९४० च्या दशकात डब्लिन व बेलफास्ट ह्या शहरांतील क्लबांसाठी आंतरनगर चषक स्पर्धा होत असे. १९६८ ते १९७४ ह्या काळात ब्लॅक्सनिट चषक खेळला गेला. तथापि १९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचार उसळला आणि सामन्यांसाठी सीमेपलीकडे जाणे जोखमीचे झाले. बेलफास्टच्या लिनफील्ड क्लबाचे पाठीराखे प्रामुख्याने प्रॉटेस्टंट व ब्रिटनशी ऐक्य मानणारे, तर डेरी सिटीचे बहुतांशी कॅथलिक व आयरिश राष्ट्रवादी. त्यामुळे मैदानावरील चुरशीला धार्मिक व राजकीय वैराची धार चढे. सुरक्षेच्या कारणावरून डेरी सिटीला ब्रँडीवेल ह्या आपल्या मैदानावर सामने भरविण्यास मनाई झाली व १९७२ मध्ये हा क्लब उत्तरेच्या लीगमधून बाहेर पडला. १९८५ मध्ये तो दक्षिणेच्या लीगमध्ये दाखल झाला. उत्तर आयर्लंडमध्ये असूनही तो तेव्हापासून प्रजासत्ताकाच्या लीगमध्येच खेळतो. हिंदुस्थानचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची २७ ऑगस्ट १९७९ रोजी स्लायगो परगण्यात बाँबस्फोटाने हत्या झाली. त्यानंतर दोनच दिवसांनी सीमेनजीकच्या डंडॉक येथे युरोपीय चषक स्पर्धेत डंडॉक व लिनफील्ड यांची गाठ पडली. सामन्याच्या वेळी मोठी दंगल झाली व परतीचा सामना नेदर्लंड्समधील हार्लेम येथे खेळवावा लागला.

स्वरूप : १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर परिस्थिती निवळली आणि दोन्ही संघटनांच्या सहकार्याने नव्या स्पर्धेची आखणी झाली. फेब्रुवारी २००५ मध्ये लिनफील्डचा संघ ब्रँडीवेल मैदानावर मैत्रीपूर्ण सामना खेळला. सुरक्षाव्यवस्था पारखून पाहणे हा त्याचा एक उद्देश होता. १९६९ नंतर हे दोन संघ तेथे प्रथमच खेळत होते. पहिल्या वर्षी उत्तरेतून लिनफील्ड, ग्लेनटोरन व पोर्टडाउन आणि दक्षिणेतून शेलबर्न, कॉर्क सिटी व लाँगफर्ड टाउन असे सहा क्लब सहभागी झाले. त्यांचे दोन गट पाडून साखळी पद्धतीने सामने झाले व नंतर अंतिम सामना खेळविण्यात आला. पुढील वर्षी क्लबांची संख्या आठ झाली. २०११ पासून बाद पद्धतीचा अवलंब करण्यात आला.

निकाल : पहिला अंतिम सामना डब्लिन येथील टॉल्का पार्क ह्या शेलबर्नच्याच मैदानावर झाला आणि लिनफील्डने शेलबर्नला २–० असे हरविले. १९२१ च्या फुटीस निमित्त झालेल्या क्लबाच्या मैदानावर बेलफास्टच्या संघाने चषक उंचावला, ही घटना लक्षणीय ठरली. त्यानंतर ड्रॉहेडा युनायटेड (२००६ व २००७), कॉर्क सिटी (२००८), बोहीमियन्स (२००९-१०), शॅमरॉक रोव्हर्स (२०११ व २०१३), क्रुसेडर्स (२०१२) व स्लायगो रोव्हर्स (२०१४) हे संघ विजयी झाले. २००७ चा लिनफील्ड व ड्रॉहेडा यांच्यातील आणि २०१२ चा क्रुसेडर्स व डेरी सिटी यांच्यातील अंतिम सामना बरोबरीत राहिल्याने पेनल्टी फटक्यांवर निर्णय लागला. नऊपैकी सात विजेतेपदे दक्षिणेकडे गेली. उत्तरेकडील लीगमधील केवळ लिनफील्ड व क्रुसेडर्स यांनाच यश मिळाले.

अखेर : ही स्पर्धा बंद पडली ती राजकीय वैरामुळे नव्हे, तर वेळापत्रक व पैसा ह्या व्यावहारिक अडचणींमुळे. दक्षिणेच्या लीगने २००३ मध्ये उन्हाळी हंगाम स्वीकारला होता, तर उत्तरेची लीग ऑगस्टपासून वसंत ऋतूपर्यंत चाले. परिणामी एका बाजूचे क्लब हंगामाच्या प्रारंभी, तर दुसऱ्या बाजूचे निर्णायक टप्प्यात असताना हे सामने येत. विजेत्याला युरोपीय स्पर्धांत प्रवेश मिळत नसल्याने क्लब आपल्या लीगलाच प्राधान्य देत. त्यातच प्रायोजक कंपनीचा ब्रिटनमधील व्यवसाय २००९ मध्ये डबघाईस आला. प्रेक्षकांचा प्रतिसादही पुढे ओसरला. २०१५ ची स्पर्धा झाली नाही व त्यानंतर ती पुन्हा सुरू झाली नाही. २०१९ मध्ये दोन्ही लीगच्या विजेत्यांसाठी चँपियन्स चषक सुरू करण्यात आला. त्यात डंडॉकने लिनफील्डवर दोन सामन्यांत मिळून ७–१ अशी मात केली. १९७९ मध्ये ज्यांचा परतीचा सामना परदेशात न्यावा लागला, ते हेच दोन क्लब ह्या वेळी बेलफास्ट व डंडॉक येथे आपापल्या मैदानांवर खेळले. महिलांच्या क्लबांसाठी २०२३ पासून अखिल-आयर्लंड चषक स्पर्धा सुरू झाली.

सेटांटा चषकाने दोन संघटना एकत्र आणल्या नाहीत व तसा तिचा हेतूही नव्हता. परंतु जे सामने एके काळी भरविणेच अशक्य मानले जात, ते दरवर्षीच्या वेळापत्रकातील साधी बाब म्हणून तिने रूढ केले.