धुऱ्यावरचा पाला आणि दारची शेळी

शेळी आणि झाड यांचे वैर फार जुने समजले जाते. शेळीचे तोंड लागलेले रोप पुन्हा मान वर काढीत नाही, अशी शेतकऱ्याची समजूत; आणि वनखात्याचा अनुभवही याहून निराळा नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘गुरे’ या शब्दाची व्याख्या करताना हत्ती आणि उंट यांच्या पंक्तीला शेळी व तिचे करडू यांनाही बसविले आहे, आणि राखीव जंगलात परवानगीवाचून गुरे चारणे हा अपराध ठरविला आहे. हत्तीशेजारी बसण्याचा हा मान शेळीला तिच्या दातांनी मिळवून दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनीसारख्या प्रदेशात या वैराचा निकाल इतक्या सहजपणे लावता येत नाही. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. एक मोरगावची आणि दुसरी मुंबईहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरची, म्हणजे सडकेची. तिच्या एका अंगास नागझिऱ्याचे रान, दुसऱ्या अंगास नवेगावचे, आणि मध्ये धानाच्या बांध्या व तलाव. ही दोन्ही राने २०१३ मध्ये एकाच व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाली. ज्या भूमिहीन कुटुंबाजवळ चार शेळ्यांवाचून दुसरे धन नाही, त्याने त्या कोठे चाराव्यात? २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केला आहे खरा. पण बिबट्याने तो कायदा वाचलेला नसतो.

गावाच्या शिवारातही शेळीला मोकळीक थोडीच असते. मृगापासून दिवाळीपर्यंत बांध्यांत धान उभे. धान कापणीला येण्यापूर्वीच त्यात लाखोळी फेकलेली असते. म्हणजे कापणी झाल्यावरही कित्येक बांध्या शेळीला बंदच. पावसाळ्यात तर अडचण दुहेरी होते. हिरवे सर्वत्र दिसते, पण ते दुसऱ्याचे. आणि ओल्या चिखलात उभे राहून शेळीचे खूर सडतात. घरात चारा म्हणून जे असते ते तणस, आणि तणसात प्रथिने शेकडा तीन-चारच्या वर क्वचितच जातात. गाय-बैल त्यावर कसेबसे दिवस काढतील. शेळी काढीत नाही, कारण तिची घडणच पाल्यासाठी झालेली आहे. तिचा वरचा ओठ हलता व चपळ असतो. काट्यांमधून नेमके पान तो टिपतो. मागच्या पायांवर उभी राहून ती फांदी गाठते. झाडपाल्यातील तुरट द्रव्येही ती बरीच पचविते. सारांश, शेळीला झाड हवेच. प्रश्न एवढाच की, शेळीने झाडाकडे जावे की पाल्याने शेळीकडे यावे?

या प्रश्नाचे उत्तर बांधीच्या धुऱ्यावर आहे. धुऱ्यावर तूर लावण्याची रीत या भागात पूर्वापार आहे. तुरीचा वाळलेला पाला व शेंगांची टरफले शेळ्या आवडीने खातात. त्याच धुऱ्यावर शेवरी, हादगा, सुबाभूळ, क्वचित बाभूळ अशी झाडे ओळीने लावावीत, त्यांना कमरेइतक्या उंचीवर छाटावे आणि डहाळ्यांच्या जुड्या बांधून कोठ्यात टांगाव्यात. जुडी टांगणे महत्त्वाचे. जमिनीवर टाकलेला व तुडविलेला पाला शेळी हुंगून सोडून देते. ही झाडे शेंगावर्गातील असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतील जंतूंच्या साह्याने हवेतील नत्र जमिनीत आणतात, आणि पानांतील प्रथिनांचे प्रमाण, विशेषतः सुबाभळीत, शेकडा वीसच्या वर असते.

सुबाभळीची कथा मात्र सावधपणे ऐकावयास हवी. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने या झाडाचा महाराष्ट्रात मोठा प्रसार केला. तिच्या पानांत मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते. ऑस्ट्रेलियात हा पाला खाऊन जनावरे आजारी पडत, केस गळत. हवाई बेटांतील शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या संशोधकाने हवाईतील शेळ्यांच्या पोटातील जंतू ऑस्ट्रेलियातील जनावरांना दिले, आणि विषबाधा थांबली. विष पचविणाऱ्या त्या जंतूला पुढे १९९२ मध्ये जोन्स यांच्याच स्मरणार्थ नव्हे, तर त्यांच्या सन्मानार्थ नाव मिळाले. भारतातील जनावरांतही असे जंतू आढळले आहेत. तरीसुद्धा एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक सुबाभूळ देऊ नये, हा नियम शहाणपणाचा. शिवाय बी धरण्यापूर्वी ती छाटली नाही तर शिवारभर पसरून तण होते.

शेतकऱ्याचा आक्षेप असा की, झाडाच्या सावलीत धान उतरत नाही. आक्षेप खरा आहे. मोठी वाढू दिलेली बाभूळ आपल्याखालचे धान निश्चित कमी करते. पण चाऱ्यासाठी वारंवार छाटलेल्या झाडाची सावली ती किती पडणार? येथे शेळीची भूक हीच झाडावरची कात्री होते. दुसरा आक्षेप कोवळ्या रोपांचा. आणि त्यावर काट्यांच्या कुंपणावाचून उपाय नाही. पहिले वर्षभर शेळीला तेथे फिरकूही देता कामा नये. दारची शेळी सुटणे आणि धुऱ्यावरची ओळ नाहीशी होणे या दोन गोष्टींत एका दुपारचेच अंतर असते.

उलट दिशेने शेळी जे परत करते, तेही थोडे नाही. लेंडीखतात नत्राचा अंश गाईच्या शेणाहून अधिक असतो. कोठ्यात फळ्यांचा माचा उंचावर केला तर फटींतून लेंड्या खाली पडतात, खूर कोरडे राहतात आणि खत आपोआप गोळा होते. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा खाल्ल्यावर तिच्या पोटातून निघालेले बी, टणक कवच मऊ झाल्यामुळे, चांगले उगवते. म्हणूनच लावणीसाठी बाभळीचे बी शेळ्यामेंढ्यांच्या वाड्यांतून वेचून आणण्याची चाल वनखात्यातही होती. ज्या जनावरावर झाडे खाल्ल्याचा आरोप, त्याच्याच वाड्यात त्यांना झाडाचे बी शोधावे लागे!

शेळीचा गर्भकाळ पाच महिन्यांचा आणि बहुधा दोन करडे, म्हणून कळप फार लवकर वाढतो. वाढू द्यावयाचा तो धुऱ्यावरचा पाला मोजून. एका मोठ्या शेळीला रोज तीन-चार किलो हिरवा पाला लागतो, हा हिशेब घरातील बाईला तोंडपाठ असतो. कारण जुड्या डोक्यावरून तीच आणते. रोवणीच्या मजुरीहून परतल्यावर रानापर्यंत जावयाचे की घरामागच्या धुऱ्यापर्यंत, हा भेद तिच्या दृष्टीने तासा-दीड तासाचा आहे, आणि संध्याकाळच्या वेळी तो जिवाचाही असू शकतो.