डोळा सारखा लवतो? शकुन पाहू नका, डॉक्टरांना दाखवा

डोळा लवला की शकुन-अपशकुन बघायची आपल्याकडे जुनी सवय. खरे तर झोप कमी झाली, ताण आला की कुणाचीही पापणी फडफडते आणि थोड्या दिवसांत आपोआप थांबते.

काहींचे मात्र ते थांबत नाही. काही महिन्यांत फडफड डोळ्यापासून गालाकडे, मग ओठाच्या कोपऱ्याकडे सरकते. चेहऱ्याची एकच बाजू ओढली जाते, डोळा मिटतो. झोपेतही झटके येतात. हा त्रास बहुधा चाळिशीनंतर सुरू होतो आणि बायकांत जास्त दिसतो.

मेंदूच्या तळापासून चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक नस येते. डोळा मिटणे, हसणे तिच्यामुळेच होते. ती जिथून निघते तिथे एखादी रक्तवाहिनी तिला टेकते. ठोक्यागणिक बसणाऱ्या दाबाने नसेचे आवरण झिजते. वायरचे प्लास्टिक घासले की ठिणगी उडते, तशी ही नस नको तेव्हा चेहरा ओढते.

म्हणजे ही करणी नाही, बाहेरची बाधा नाही. अशा बाईला ‘डोळा मारते’ म्हणून हिणवणे तर फारच वाईट. त्या लाजेने कितीतरी जणी चारचौघांत जाणे सोडतात.

हा लकवाही नव्हे. लकव्यात चेहरा लुळा पडतो, इथे तो ओढला जातो. पण तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले तर तासभरही थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

उपचार आहेत. ओढणाऱ्या स्नायूंत बोटॉक्सचे इंजेक्शन देतात. साधारण तीन-चार महिने आराम पडतो, मग ते पुन्हा घ्यावे लागते. दुसरा मार्ग ऑपरेशनचा. अमेरिकेतील डॉ. पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत रुळवली. कानामागून जाऊन नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनची छोटी गादी ठेवतात. बहुतेकांचे झटके थांबतात; मात्र त्या बाजूचे ऐकू येणे कमी होण्याचा धोका असतो. तो आधी विचारून घ्या.

सोयगावकरांनी आधी सरकारी दवाखान्यात दाखवावे आणि संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासाठी किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी चिठ्ठी मागावी. तिथे एमआरआयबद्दल विचारा. झटका येताना मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरांना निदान सोपे जाते. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते आरोग्यमित्राला विचारा.

गंडेदोऱ्यावर घालवलेला पैसा तिकिटाला ठेवा.