बालसेवा, महानगरपालिकीय
स्थानिक संस्थेने मुलांसाठी चालविलेल्या शिक्षण, आरोग्य इ. सेवा. १८८८ च्या अधिनियमानुसार मुंबई महानगरपालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत प्राथमिक शिक्षण येते. सक्ती प्रथम एफ व जी विभागांत (१९२५) झाली. फेब्रुवारी १९५७ मध्ये हद्द दहिसर–मुलुंडपर्यंत वाढली. तिच्याबरोबर अंतरेही वाढली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना लागू असून राज्याच्या नियमांनुसार (२०११) प्राथमिक शाळा १ किमी., तर उच्च प्राथमिक ३ किमी.च्या आत हवी. त्यापुढील वयास असे अंतराचे बंधन नाही. खाडीपलीकडील मनोरी या कोळी व ईस्ट इंडियन वस्तीच्या गावातील तरुणास मालाडचे महाविद्यालय गाठण्यास मार्वेची तर अथवा उत्तन–भाईंदरमार्गे लांबचा वळसा, असे मार्ग आहेत.