साबरमतीत सोडलेलं लुगडं

1918 साली रुक्मिणीबाई भावे गेल्या. त्यांच्या थोरल्या मुलानं आईच्या दोनच वस्तू जवळ ठेवून घेतल्या: एक लुगडं आणि पूजेतली अन्नपूर्णेची मूर्ती. लुगड्याची घडी तो उशाला घेऊन झोपत असे. हा मुलगा म्हणजे विनोबा. ब्रह्मचर्याचं व्रत घेऊन, घरदार सोडून तो दोन वर्षांपूर्वीच गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला होता. पुढे आश्रमात खादीचं व्रत आलं. उशाचं लुगडं खादीचं नव्हतं, म्हणून विनोबांनी ते साबरमतीत सोडून दिलं. मूर्ती ध्यानासाठी ठेवली होती. पण आई तिची रोज पूजा करायची आणि आपल्या हातून ती होत नाही, हे ध्यानात आल्यावर तीही आश्रमातल्या एका श्रद्धाळू बाईंच्या स्वाधीन केली.

आसक्ती म्हटलं की पैसाअडका, दागिने, जमीनजुमला आठवतो. पण घर सोडलेल्या माणसाचाही जीव लुगड्याच्या एका घडीत अडकू शकतो. जे पवित्र वाटतं, ज्याला कुणी नावं ठेवणार नाही, ते सोडणं सर्वांत अवघड. विनोबांचं सगळं आयुष्य पाहिलं तर त्यांची साधना याच अवघड वाटेनं गेलेली दिसते.

सुरुवात झाली ती बडोद्याच्या घरातल्या चुलीपासून. चुलीसमोर बसून विनोबा एकेक कागद विस्तवात टाकत होते. आईनं विचारलं, तेव्हा कळलं की ती शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं आहेत. पुढेमागे लागली तर, ही तिची काळजी. आणि ती कधी लागूच नयेत, हा मुलाचा निश्चय. 1916च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून ते मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेलाच उतरून काशीला गेले. 7 जून 1916 रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींची भेट झाली. मागोमाग बाळकोबा आणि शिवाजी हे धाकटे भाऊही त्याच वाटेनं निघाले. तिघेही आजन्म ब्रह्मचारी राहिले. वडील नरहरराव बडोद्यात नोकरी करणारे, रंगांच्या रसायनात रमलेले गृहस्थ. मुलांच्या वैराग्याचं मोल मागे राहणाऱ्यांनाही चुकवावं लागतं, हे या घराची गोष्ट सांगताना विसरून चालणार नाही.

या वृत्तीचं मूळ बरंचसं आईत होतं. देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा तिचा संकल्प होता आणि त्यासाठी ती रोज दाणे मोजत बसे. नरहररावांनी हिशेबी तोड सुचवली: एक तोळा तांदूळ घ्यावा, त्यातले दाणे मोजावेत आणि त्या मापानं लाखाचं वजन काढावं. आईला पटेना, पण उत्तरही सुचेना. तिनं विन्याला, म्हणजे विनोबांना, विचारलं. त्याचं म्हणणं असं, की हा गणिताचा प्रश्नच नव्हे; प्रत्येक दाण्यामागे देवाचं एक स्मरण आहे. विनोबांचं सोडणंही पुढे याच रीतीनं झालं. एकदाच सगळं टाकून ते मोकळे झाले नाहीत. जवळ काय उरलंय ते पाहायचं आणि त्यातलं पुन्हा सोडायचं, असं आयुष्यभर चाललं.

1938 साली वर्ध्याच्या आश्रमाची कामं ओढताना प्रकृती ढासळली आणि वजन 88 पौंडांवर आलं. हवापालटासाठी ते जवळच्या पवनारला निघाले. धाम नदीच्या पुलावर ‘मी सोडलं’ या अर्थाचे संन्यासाचे शब्द त्यांनी तीनदा उच्चारले. सोडायची होती ती कामाची चिंता. पवनारला रोज थोडं थोडं खणायला सुरुवात केली आणि दहा महिन्यांत वजन 128 पौंड झालं. डोक्यावरचं ओझं खरोखर उतरलं की अंगालाही कळतं ते असं.

त्याच पवनारला पुढे कांचनमुक्तीचा प्रयोग झाला. पैशाचा आधार सोडायचा, बैलांशिवाय शेती करायची, विहिरीचा रहाट माणसांनीच फिरवायचा. 1951च्या मार्चमध्ये ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला निघाले, तेही पायीच. त्यानंतरच्या तेलंगणातल्या पदयात्रेत, 18 एप्रिलला पोचमपल्लीच्या दलित कुटुंबांनी 80 एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी सभेतच 100 एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं. वर्षानुवर्षं चाललेल्या पदयात्रेत चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रं मिळाली. त्यातली बरीचशी पडीक किंवा वादातली निघाली, बरीच वाटलीही गेली नाही. पण जमिनीवरचा जीव हलवता येतो, हे त्या पायपिटीनं खेडोपाडी दाखवून दिलं.

एवढं नावारूपाला आलेलं काम हातात असताना 1966 साली त्यांनी सूक्ष्मप्रवेश जाहीर केला: प्रत्यक्ष कामातून मागे सरायचं. 1970 मध्ये क्षेत्रसंन्यास घेऊन, म्हणजे एकाच जागी राहायचं ठरवून, ते पवनारलाच राहिले. चळवळीतल्या अनेकांना हे रुचलं नाही, देशाला गरज असताना हे काय, असा सवाल उठला. सवाल रास्त होता. पण उभ्या देशानं वाखाणलेलं काम स्वतःच्या हातून खाली ठेवणं, याइतकी मोठी निरासक्ती दुसरी कोणती म्हणायची?

1982च्या नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आला. तब्येत सावरतेय असं डॉक्टरांना वाटत असतानाच, 8 तारखेपासून त्यांनी अन्न, पाणी, औषध घेणं थांबवलं. इंदिरा गांधी भेटून गेल्या, विनोबा बधले नाहीत. 15 नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, त्यांनी देह ठेवला.

स्वतःच्या मताचा आग्रह सोडण्याची वाटही त्यांनी आधीच घालून दिली होती. 1959 साली त्यांनी पवनारला साधना करणाऱ्या बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं होतं. तिथे शेती, झाडलोट, स्वयंपाक ही कामं बहिणींनी स्वतः करायची आणि प्रत्येक निर्णय सर्वसंमतीनं घ्यायचा, अशी रीत ठरली. बहुमतावर काही रेटायचं नाही. एकीला जरी पटलं नाही, तरी बाकीच्यांनी थांबायचं.