गुलबर्ग्याहून मेटालिकाच्या मैफलीला

30 ऑक्टोबर 2011 रोजी, दिवाळी आटोपताच, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिका या अमेरिकी बँडची भारतातील पहिली मैफल झाली. दोनच दिवस आधी दिल्लीजवळ गुडगावात हाच कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला होता आणि चिडलेल्या गर्दीने मंचाची मोडतोड केली होती. त्यामुळे गुलबर्ग्याहून उद्यान एक्स्प्रेसने निघालेल्या आम्हा मित्रांना रायचूर मागे पडले तरी मैफल होणार की नाही, याची खात्री नव्हती.

गुलबर्ग्याचे कलबुर्गी पुढे 2014 मध्ये झाले. आळंद, भालकी, बसवकल्याण, औराद या तालुक्यांत घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी हिंदी चालते. 1956 साली हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून येथील मराठी माणसाला भाषेचा प्रश्न चुकलेला नाही. गाणगापूरला जाणाऱ्या गोमंतकीयांना हा अनुभव असेल: पाटी कन्नडमध्ये, देवळातले बोलणे मराठीत. त्या मैदानावर मात्र कुणी कुणाची भाषा विचारली नाही. ज्यांना इंग्रजीत अर्ज लिहिताना घाम फुटे, तेही शब्दन् शब्द गात होते.

गोव्यात गिटार घरातलीच. आमच्याकडे मोठा आवाज म्हणजे सप्ताहातील भजन, नाहीतर बंदेनवाजांच्या उरुसातली कव्वाली. त्यामुळे रॉकचा आवाज कानांआधी छातीला जाणवतो, हे नवलच होते. त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. ढोलाचे आणि बेस गिटारचे खालचे स्वर म्हणजे हवेची संथ, मोठी कंपने. ती पुरेशी जोरकस असली की बरगड्यांना आणि पोटालाही कळतात. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे मंचापासून 100 मीटरवर उभ्या असलेल्या श्रोत्याला ढोलावरचा ठोका आधी दिसतो आणि जवळजवळ एक तृतीयांश सेकंदाने ऐकू येतो. म्हणूनच मोठ्या मैदानात मध्ये उभारलेल्या ध्वनिक्षेपकांचा आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडतात, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल.

अशी रात्र एवढी का टिकते? साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयात प्रमाणाबाहेर अधिक आठवतात, असे स्मृतीचे अभ्यासक सांगतात. पहिले अनुभव याच काळात येतात आणि आपण कोण, हेही याच काळात ठरत असते. मला मात्र गाण्यांचा क्रम आज सांगता येणार नाही. पावसाने झालेला चिखल, त्यात रुतलेली चप्पल आणि खांद्यावरचा अनोळखी हात तेवढा आठवतो.

दुसऱ्या दिवशी कानांत शिट्टी वाजत होती. आम्हाला तिचा अभिमान वाटला, वास्तविक ती इशारा असते. अतिध्वनीने अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी थकतात. वारंवार तसे झाले की मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली. किनाऱ्यावरच्या महोत्सवांना जाणाऱ्या तरुणांनी कानांत फोमचे बोळे खुशाल घालावेत. त्यांनी आवाज उतरतो, छातीतली धडक तशीच राहते.