गार्दा सरोवराकाठची पंगत

गेल्या वर्षी मे महिन्यात वहिनींबरोबर इटलीला जाण्याचा योग आला. वहिनींचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नोकरीच्या निमित्ताने ब्रेशा या गावी राहतो. तसे पाहिले तर बडोदेकरांना इटली अगदीच अपरिचित नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधील व्हेनिसच्या धर्तीची फरसबंदी आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिलेली असते. परंतु फरसबंदी पाहणे वेगळे आणि त्या देशाच्या पंगतीला बसणे वेगळे.

वहिनी आमच्या घरात आल्या तेव्हा त्यांचे वय एकोणीस होते. आज चौऱ्याहत्तर आहे. घरात चौदा माणसे, शिवाय येणारे-जाणारे. आधी पुरुष, मग मुले, मग सासुरवाशिणी, आणि सर्वांत शेवटी तळाशी उरलेल्या आमटीबरोबर वहिनी, हा क्रम मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. नव्हे, आधीच्या पंगतीत बसून त्यांच्या हातचे निवांत जेवलेही आहे. भाच्याच्या मनात हे सलत असावे. "आई, एकदा तरी तू नुसती बसायचेस, आणि वाढायचे दुसऱ्यांनी," असे म्हणून त्याने गार्दा सरोवराच्या काठावरील एका नामांकित भोजनगृहात तीन महिने आधीच जागा राखून ठेवली होती.

गार्दा हे इटलीतील सर्वांत मोठे सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस किलोमीटर, खोली काही ठिकाणी ३४६ मीटर. आम्ही पश्चिम काठावर होतो. तिकडे डोंगराच्या आड सूर्य लवकर जातो. आपल्या अंगणात सावली पडते आणि समोरच्या तीरावरील मोन्ते बाल्दो पर्वत मात्र गुलाबी होऊन बराच वेळ उजळत राहतो. दुपारी दक्षिणेकडून वाहणारा 'ओरा' वारा तोवर पडलेला होता. पाणी अगदी पायाशी. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, सूरसागराच्या कठड्यावर बसल्यासारखे वाटते." मला तसे काही वाटले नाही, पण मी मान डोलावली.

यादी हाती आली. भाच्याच्या यादीवर किमती होत्या, आमच्या दोघींच्या यादीवर नव्हत्या. यजमानाने पाहुण्यांना मोल कळू देऊ नये, ही तिकडची जुनी रीत. निवड करण्याचाही प्रश्न नव्हता. स्वयंपाकी ठरवील ते सात पदार्थ, घासा-दोन घासांचे, एकामागून एक यायचे. यास ते 'मेन्यू देगुस्ताझिओने', म्हणजे चाखण्याची यादी म्हणतात. एकेक पदार्थ क्रमाने आणण्याची चाल युरोपात जुनी नव्हे. एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत रूढ होण्यापूर्वी श्रीमंतांच्या मेजावरही बरेचसे पदार्थ आपल्या पानासारखे एकदमच मांडीत. इटलीत या बेताच्या, नेटक्या जेवणाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती ग्वाल्तिएरो मार्केझी यांनी. त्यांनी १९७७ साली मिलान येथे भोजनगृह काढले, १९८१ मध्ये केशरी भातावर सोन्याचा वर्ख ठेवून वाढला, आणि मिशेलिन मार्गदर्शिकेच्या तीन तारका मिळविणारे ते इटलीतील पहिले ठरले. वर्खाची गोष्ट ऐकून वहिनींना मुळीच आश्चर्य वाटले नाही. आपल्याकडे मिठाईवर तो असतोच.

प्रथम पाव आणि ऑलिव्हचे तेल आले. गार्दाकाठचे हे तेल हलके, उग्रपणा नसलेले, आणि शेवटी जिभेवर बदामाची किंचित चव ठेवणारे. मी मासे खाते. मला कोरेगोने नावाचा सरोवरातला मासा मिळाला, पांढराशुभ्र आणि नाजूक. वहिनी शुद्ध शाकाहारी. त्यांच्यासाठी कोवळा वाटाणा होता. वाढणारी मुलगी विशी-बाविशीची असेल. ती ताटली उचलायला आली की वहिनी आपली ताटली स्वतःच उचलून माझ्या ताटलीवर ठेवू पाहत. दोनदा तर त्या खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. भाचा म्हणाला, "आई, बस ना गं." त्याचा चेहरा उतरला होता.

मग लिंबाचा भात आला. रिझोत्तो म्हणजे आपला गुरगुट्या भातच, फक्त दाणा मध्ये किंचित कठीण ठेवलेला. गार्दाच्या काठी लिंबांच्या बागा शतकानुशतके होत्या. हिवाळ्यात थंडी लागू नये म्हणून दगडी खांबांवर फळ्या आणि काचा बसवून झाडे झाकीत. १७८६ साली कवी गटे येथून गेला तेव्हा त्याने या बागा पाहिल्या होत्या. पुढे देश एक झाला, दक्षिणेची स्वस्त लिंबे आली आणि बागा मोडल्या. उघडे खांब तेवढे अजून डोंगरउतारावर रांगेने उभे दिसतात. भाताचा सुगंध सुरेख होता. वहिनींनी चमचा उचलला आणि विचारले, "यात चीज आहे का?" होते, पार्मिजानो. ते वासराच्या जठरातून काढलेल्या द्रव्याने विरजतात, आणि त्या नावाने विकायचे तर तसेच विरजले पाहिजे, असा तिकडचा नियमच आहे. भाच्याने शाकाहाराचे आधी कळविले होते, पण तिकडे चीज शाकाहारातच मोडते. मुलीने विचारताच खरे सांगितले. वहिनींनी चमचा खाली ठेवला. कोणीच काही बोलेना. ज्या जेवणासाठी मुलाने तीन महिने वाट पाहिली, त्याचा मुख्य पदार्थ पानात तसाच निवत होता.

दहा मिनिटांनी आतून एक खोलगट बशी आली. दुसऱ्या कशासाठी तरी शिजत ठेवलेला पोलेंता, म्हणजे मक्याच्या जाड पिठाचा घाटा, वर तेलाची धार, शतावरीचे कोंब आणि लिंबाची किसलेली साल. एके काळी उत्तर इटलीतील गरिबाचे हेच अन्न होते. अमेरिकेतून मका आला, तो पिकला भरपूर, आणि शेतमजूर वर्षभर तेवढेच खाऊ लागले. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवितात. ती युक्ती मात्र मक्याबरोबर आली नाही. त्यामुळे नायसिन हे जीवनसत्त्व मिळेना. कातडी खरबरीत होई, पुढे बुद्धिभ्रंश आणि मृत्यू. १७७१ साली मिलानच्या फ्रापोल्ली नावाच्या वैद्याने या रोगाला 'पेलाग्रा' म्हटले; त्याचा अर्थच खरबरीत कातडी. आज तोच घाटा सुंदर बशीत येतो. वहिनींनी तो चाटूनपुसून खाल्ला.

मुलगी बशी न्यायला आली तेव्हा वहिनींनी तिचा हात धरला आणि भाच्याला म्हणाल्या, "हिला विचार, हिचे जेवण झाले का?" भाचा संकोचला, पण त्याने विचारले. मुलगी हसली. साडेपाच वाजता, पाहुणे येण्यापूर्वी, स्वयंपाकी, वाढपी, भांडी घासणारे असे सगळे एकाच मेजावर बसून जेवतात, असे तिने सांगितले.

"सगळे? एकदम?" वहिनींनी पुन्हा विचारून घेतले.

त्यानंतर मात्र त्या खुर्चीला पाठ टेकून बसल्या. पुढे काहीतरी बर्फासारखे गोड आले, मग आणखी एक गोड. त्यांचे नावही माझ्या लक्षात नाही. रात्र झाली होती, पलीकडच्या तीरावरचे दिवे पाण्यात लांबट होऊन हलत होते. परतताना गाडीत वहिनींनी मोल विचारले. भाच्याने सांगितले नाही. थोड्या वेळाने त्या एवढेच म्हणाल्या, "वन्सं, साडेपाचला जेवून घ्यायचे, हे आपल्याला कधी सुचलेच नाही."

बडोद्यास परतल्यावर तो घाटा आमच्याकडे दोनदा झाला. मक्याचा जाडसर रवा एक वाटी, पाणी चार वाट्या, चवीपुरते मीठ. पाण्याला आधण आले की रवा धारेने सोडावा आणि मंद आचेवर पाऊण तास ढवळीत राहावे, नाहीतर गुठळ्या होतात. ढवळण्याचे काम वहिनी आता माझ्याकडे देतात.