मुलांच्या टेबलावर मेंदूचा आलेख

“ईईजी काढून घ्या,” असं डॉक्टर म्हणाले की घरादाराचे चेहरे उतरतात. डोक्याला तारा लावायच्या म्हणजे शॉक देणार की काय, अशी धास्ती कित्येकींना वाटते. मग कॉलेजात जाणारी मुलगी तसलंच यंत्र स्वतः जुळवायचं म्हणाली, तर आईने काय सांगावं?

आधी हे लक्षात घ्या, की हे यंत्र डोक्यात वीज सोडत नाही. मेंदूत अखंड चालू असलेली वीज ते नुसती टिपतं. जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूच्या लहरी प्रथम टिपल्या. ही वीज किती? टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलचे तीस हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी! घरातल्या वायरिंगचा गोंगाट याहून कितीतरी मोठा. म्हणून डोक्यावरच्या दोन जागांचे संकेत घेऊन, दोन्हींत सारखं असेल ते वजा करतात आणि उरलेलं हजारो पटींनी मोठं करतात.

हे बरंचसं काम आता एका चिपवर होतं, म्हणून खर्च उतरला. अमेरिकेतल्या ओपनबीसीआयने आपल्या यंत्राचे आराखडे सर्वांना खुले केले. आपल्याकडच्या अपसाइड डाउन लॅब्जची ‘बायोॲम्प ईएक्सजी पिल’ तर बोटाच्या पेराएवढी आहे.

यंत्र जमलं का, याची परीक्षा सोपी. डोळे मिटून शांत बसलं की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ लहरी उमटतात; डोळे उघडले की विरतात. केस मात्र धुतलेले हवेत, चप्प तेल चालत नाही. आणि पापणी लवली, दात आवळले, तरी रेघ उसळते बरं का! ते काही मनातले विचार नव्हेत.

तेव्हा हो म्हणा, पण तीन अटींवर. यंत्र बॅटरीवरच चालवायचं आणि जोडलेल्या लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवायचा. डोक्याला वीज देणारं काहीही लावायचं नाही. आणि कुणाच्या आजाराचं निदान करायचं नाही. ही तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. लग्नाच्या मुलीला फिट येते, बाहेर कळायला नको, म्हणून घरच्या यंत्रावर भागवू नका. दवाखान्यातला आलेख चांगला आला तरी तेवढ्याने फिटचा आजार नाही असं ठरत नाही. मग घरच्या आलेखाचं काय! तिला मेंदूच्या डॉक्टरांकडेच न्या.